भिंतीवरचं हिरवं बिऱ्हाड

गणपती येण्याआधी माकुणसारच्या घरांच्या भिंती हिरव्या होतात. पालघरच्या या किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर ओल हटत नाही. उत्तरेकडची, झाडाच्या सावलीतली भिंत सर्वांत आधी शेवाळते.

काही ठिकाणी डाग नारिंगी दिसतो. तो गंज नव्हे. ट्रेंटेपोहलिया नावाचं हिरव्या शेवाळाच्याच कुळातलं शेवाळ, कॅरोटीनमुळे रंग बदललेलं.

उघडीप मिळाली की भिंत ओली करून ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी लावावं, पंधरा मिनिटांनी ब्रशने घासून धुवावं. त्यात ॲसिड कधीच मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. जोराच्या फवाऱ्याने जुनं प्लास्टर सुटतं.

खरा दोषी बहुधा गळकी पन्हळ. ती दुरुस्त न करता भिंतीला रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात.