टाचेखालचा ज्वालामुखी

न्हाणीघरात वज्रीच्या शेजारी हल्ली एक राखाडी, खरखरीत, हातात घेताच पोकळ वाटणारा दगड दिसतो. तो प्युमिस. बादलीत टाकला तर तरंगतो, आणि का तरंगतो हे त्याच्या जन्मकथेत आहे.

जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू प्रचंड दाबाखाली विरघळलेले असतात. ज्वालामुखीचे तोंड फुटले की दाब एकदम उतरतो आणि सोड्याच्या बाटलीची गोटी दाबावी तसा शिलारस फसफसतो. हवेत उडालेला हा फेस इतक्या झटपट थिजतो की स्फटिक तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणजे प्युमिस ही नैसर्गिक काच, आणि तिचा निम्म्याहून बराच जास्त भाग निव्वळ पोकळी.

मग महाराष्ट्र तर लाव्हाच्या खडकावर वसलेला. आपल्याकडे डोंगरोडोंगरी प्युमिस का सापडत नाही? सह्याद्रीचा काळा बसाल्ट ज्या लाव्हापासून झाला त्यात सिलिका कमी, साधारण 50 टक्के. असा लाव्हा पातळ असतो, वायू त्यातून सहज निसटतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो भेगांतून निघून थरावर थर पसरत गेला. प्युमिसला लागतो जास्त सिलिकेचा, चिकट शिलारस. तो वायू कोंडून धरतो आणि शेवटी स्फोट होतो. आपल्या बसाल्टमध्येही काही बुडबुडे अडकले, पण कालांतराने त्यांत खनिजे भरली. पुणे-नाशिक-जळगाव भागातले झिओलाइटचे देखणे स्फटिक मिळतात ते याच पोकळ्यांत.

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेईवर तासन्‌तास प्युमिसचा वर्षाव केला आणि त्या भाराने छपरे कोसळली. त्याच इटलीत रोमच्या पँथिऑनचा 43 मीटर व्यासाचा घुमट माथ्याकडे हलका व्हावा म्हणून काँक्रीटमध्ये प्युमिस मिसळला. तो आजही शाबूत आहे. 2021 मध्ये जपानजवळच्या एका समुद्री ज्वालामुखीचा प्युमिस हजार किलोमीटरहून जास्त वाहत जाऊन ओकिनावाच्या बंदरांत साचला आणि मासेमारी नौका अडकून पडल्या.

घरच्या उपयोगाचे गणित कठीणपणाचे आहे. मोहच्या मापात प्युमिसची काच साधारण 6, दातांचे एनॅमल 5, पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर 3. म्हणून कमोडमधला क्षारांचा डाग ओल्या प्युमिसने निघतो; पण प्लास्टिक किंवा ॲक्रिलिकवर तो लावलात तर ओरखडे पडलेच म्हणून समजा. दंतवैद्य त्याची बारीक पूड पाण्यात कालवून बेताने वापरतात. घरी दातांवर हा प्रयोग अजिबात करू नये. फिकट जीन्ससाठी कारखान्यांत कापडाबरोबर हे दगड घुसळत, पण दगड झिजून गाळ फार होतो. आता बऱ्याच ठिकाणी एन्झाइमने काम भागते. कुंडीतल्या मातीत त्याचे खडे घातले तर पाणी धरले जाते आणि मुळांना हवाही मिळते. मला त्याचा हाच उपयोग सर्वांत आवडतो.

टाचांसाठी वापरताना पाय आधी कोमट पाण्यात भिजवा, दगडही ओला करा, हलक्या हाताने घासा, नंतर तेल किंवा मलम लावा. भेगांतून रक्त येत असेल तर दगड लावूच नका. एकाचा दगड दुसऱ्याने वापरू नये, आणि वापरून झाल्यावर तो धुऊन उन्हात वाळवावा. त्याच्या छिद्रांत मृत त्वचा आणि ओल दोन्ही साठतात. मधुमेह असलेल्यांची पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, जखम झालेली कळत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाचेला दगड लावू नये.