कोल्हापूर ते नागपूर : नकाशावरचे अंतर आणि घड्याळातली वेळ



डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला भरते आणि नेमका तेव्हाच आपला गळीत हंगाम भरात असतो. निवेदन घेऊन जायचे, तर चालू तोड सोडून चार दिवस कोण घालवणार? म्हणून गटागटांतून आम्हांला विचारणा होते, "साहेब, विमानानं नागपूर किती लांब?" हा हिशेब कसा मांडायचा, ते थोडक्यात सांगतो.

विमानाला घाट नाही, वळण नाही; म्हणून अंतर सरळ रेषेत धरतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश या पट्ट्यात सुमारे १०५ किलोमीटर. आपल्या उजळाईवाडी विमानतळाहून नागपूरचा सोनेगाव विमानतळ सुमारे ४.४३ अंश उत्तरेला आणि ४.७६ अंश पूर्वेला आहे. म्हणजे ४९२ किलोमीटर उत्तरेला व ५०० किलोमीटर पूर्वेला. चौकोनी रानाचा कर्ण काढतो तसा काढला, की अंतर येते सुमारे ७०० किलोमीटर. पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घेणाऱ्या रेल्वेला हेच अंतर बाराशेच्या आसपास पडते.

आता वेळ. पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते, जेट सुमारे ८००. नुसत्या भागाकाराने ८४ आणि ५३ मिनिटे येतात. पण विमान उठल्याबरोबर पूर्ण वेगात नसते. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांची २०-२५ मिनिटे मिळवा. म्हणजे पंख्याच्या विमानाला पावणेदोन तासांवर आणि जेटला सव्वा तास धरावा. वारा समोरून असला तर थोडे जास्त.

पण एवढ्यावर भुलू नका. सामान द्यायचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोहोचावे. गावापासून उजळाईवाडी आणि सोनेगावपासून शहर धरले, की घर ते मुक्काम पाच-सहा तास होतात. थेट विमान नसेल आणि मुंबई किंवा हैदराबादेत बदलावे लागले, तर अख्खा दिवस मोडतो. तेव्हा तिकिटाआधी थेट विमानाचा वार बघा. अंतर तेच राहते, वेळ मात्र खोळंब्यावर ठरते.

उसाचेही तेच आहे, बरं का. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा. उशीर झाला, की पाणी उडून वजन घटते आणि साखर मोडून उतारा उतरतो. आठ किलोमीटरवरचा ऊस दोन दिवस फडात पडून राहिला, तर तो चाळीस किलोमीटरवरून त्याच दिवशी आलेल्या उसापेक्षा लांबचाच म्हणायचा! वाटेत ट्रॅक्टरचे दोन-तीन तास जातात; बाकीची वेळ जाते ती भरणीची वाट बघण्यात आणि काट्यापुढच्या रांगेत.

म्हणून प्रत्येक खेपेच्या तीन वेळा वहीत टिपा : तोडीची, भरणीची, काट्यावरची. वाहन नक्की झाल्याशिवाय तोड धरू नका आणि त्या दिवशी भरून होईल तेवढाच ऊस तोडा. खोळंबा फडात झाला असेल तर तोडणी टोळीशी बोला. काट्यावर झाला असेल तर वही घेऊन गट ऑफिसला या. रांग कमी करणे आमचे काम आहे, आणि तुमच्या वहीवरून ते आम्हांला नेमके करता येईल.