डब्यावरची सावली

गडमुडशिंगीत ऐन उन्हाळ्यात बोअरची सिंगल फेज मोटार नुसतीच गुणगुणली, की आण्णा म्हणत, "कंडेन्सर गेला!" डबा फुगलेला असे अन् भाजीच्या सरी कोरड्या.

त्या डब्यात धातूचा मुलामा दिलेली, केसाहूनही पातळ पॉलिप्रॉपिलिनची फिल्म असते. साधारण 105 अंशांपुढे ती टिकत नाही. म्हणून विजेवरच्या मोटारगाड्यांत तिला मुद्दाम थंड ठेवावे लागते. उष्णता सोसणारी पॉलिइमाइडसारखी प्लॅस्टिके आहेत. पण त्यांच्या रेणूंतील कड्यांमुळे तापल्यावर वीज झिरपते. उष्णता सोसेल आणि वीजही अडवेल, असा रेणू रचण्यासाठी आज जगभर शास्त्रज्ञ झटत आहेत.

तोवर डब्यावर सावली धरायची, हा आण्णांचा उपाय मी पाळतो.