पेटाऱ्याचा भार कुणी वाहायचा?

जत्रेतल्या दशावताराला तिकीट नसते. देवाची पालखी प्रदक्षिणा घालून देवळात गेली की मध्यरात्रीच्या सुमारास मृदंगावर थाप पडते. गणपती येऊन जातो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, काळ्या वेषातला संकासुर चार विनोद करून मंडप हसवतो आणि मग आख्यान सुरू होते. पहाटे दहीकाला होतो, पेटारा बांधला जातो आणि मंडळी पुढच्या गावाची वाट धरते. एका रात्रीत एवढे नाट्य घडते, पण तिकीटखिडकी कुठेही नसते. मग या खेळाचा खर्च कोण करते? सरकारने कलेला किती पैसा द्यावा याची चर्चा शहरांतील नाट्यगृहांच्या दुरवस्थेच्या निमित्ताने वारंवार होते. तिचे एक जुने आणि अजूनही चालू असलेले उत्तर तळकोकणातील या मंडपात सापडते.

त्याचा शोध घेताना कुडाळ तालुक्यातील वालावल या गावापाशी थांबावे लागते. लक्ष्मीनारायणाचे जुने मंदिर आणि त्याला लागून असलेला विस्तीर्ण तलाव यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. कोकणातील परंपरा मात्र त्याला आणखी एक मान देते. दशावताराचा खेळ या भागात प्रथम गोरे नावाच्या ब्राह्मणाने वालावल परिसरात उभा केला, असे ती सांगते. शेजारच्या कवठी गावच्या चेंदवणकर-गोरे मंडळाच्या नावात ते आडनाव अजूनही टिकून आहे. दुसऱ्या मतानुसार राजापूर तालुक्यातील आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास दशावतार कोकणात रुजवला. त्याआधीच्या शतकातील समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त स्त्रीवेष घेणाऱ्या दशावतारी खेळाडूंचा उल्लेख आहे, हे लक्षात घेता खेळाचे मूळ याहूनही मागे जाते. प्रारंभाचा मान कुणाचाही असो, तीन शतकांहून अधिक काळ हा खेळ अखंड चालत आला आणि तो चालवला गावांनी, एवढे निश्चित आहे.

गावाचा वाटा

गावाने खेळ चालवला याचा अर्थ केवळ वर्गणी काढली असा नव्हे. तळकोकणातील देवस्थानांची व्यवस्था मानकऱ्यांमध्ये वाटलेली असते. पालखी कुणी उचलायची, दिवटी कुणी धरायची, वाद्ये कुणी वाजवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. दशावतारी मंडळी याच व्यवस्थेचा एक घटक आहे. अनेक देवळांच्या जत्रा विशिष्ट पारंपरिक मंडळांकडे वंशपरंपरेने आहेत. वालावलकर, मोचेमाडकर, खानोलकर, पार्सेकर, आरोलकर ही मंडळांची नावे गावांवरून आलेली आहेत, हा योगायोग नव्हे. अमुक देवाच्या जत्रेत अमुक मंडळाने खेळ करायचा, हा त्या मंडळाचा हक्क असतो आणि त्याचबरोबर कर्तव्यही असते.

मोबदलाही असाच अनेक हातांनी येतो. देवस्थानाकडून ठरलेली बिदागी मिळते. मंडळींच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय गाव पाहते. खेळ चालू असताना आरतीचे तबक प्रेक्षकांतून फिरते आणि ज्याची जशी ऐपत तसे त्यात नाणे वा नोट पडते. कुणी नवस फेडण्यासाठी खेळ लावतो. मुंबईचा चाकरमानी जत्रेला येतो तेव्हा तोही आपला वाटा उचलतो. गिरणगावातल्या खोलीतून गावी जाणाऱ्या मनिऑर्डरीवर कोकणातली किती देवळे आणि किती जत्रा उभ्या राहिल्या, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही, पण तो लहान नसावा.

या व्यवस्थेचा परिणाम कलेच्या अंगावरही दिसतो. दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले असते, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतो. समोरचा प्रेक्षक ती कथा लहानपणापासून ऐकत आलेला असतो. कुठे नट चुकला, कुठे त्याने नवी कल्पना लढवली, हे त्याला तत्काळ कळते. जो पैसे देतो तोच परीक्षक असतो आणि तोच पुढच्या वर्षी त्या मंडळाची वाट पाहतो. अनुदान, परीक्षण आणि रसिकता ही तीन कामे येथे एकाच मंडपात बसलेली असतात.

राजाश्रय सुटतो तेव्हा

एका दात्यावर अवलंबून राहिलेल्या कलेचे काय होते, याचे उदाहरण मराठी रंगभूमीच्या प्रारंभीच मिळते. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि दरबाराचा आधार संपला. भाव्यांनी नाटकमंडळी घेऊन बाहेरगावची वाट धरली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. मराठी व्यावसायिक रंगभूमीचा उगम असा राजाश्रय सुटण्यातून झाला. तिच्यासमोर मुंबई-पुण्याचा पैसेवाला प्रेक्षक होता, म्हणून ती तरली. खेड्यातल्या कलेला असा पर्याय नसतो.

वालावलपासून फार दूर नसलेल्या पिंगुळीत याचा दाखला आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली. सावंतवाडी संस्थानच्या काळात या कलावंतांना देवळांतून कथा सांगण्याचे मान होते. संस्थाने विलीन झाली, करमणुकीची साधने बदलली आणि गावांशी असलेला हा नित्याचा संबंध विरत गेला. चित्रांच्या पोथ्या घराघरांत पडून राहिल्या. परशुराम गंगावणे यांनी ही कला जिवंत ठेवण्यासाठी आयुष्य वेचले, आपल्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभारले आणि २०२१ च्या पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. हा सन्मान सर्वस्वी उचित आहे. मात्र एकाच तालुक्यातील या दोन कलांची स्थिती पाहिली की फरक ठळक होतो. दशावताराचा भार गावे वाहत राहिली. चित्रकथीचा भार अखेर एका कुटुंबाच्या खांद्यावर आला.

सरकारी पैसा: काय साधते, काय नाही

याचा अर्थ सरकारने कलेकडे पाहू नये असा होत नाही. महाराष्ट्रात राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालत आली आहे आणि तिने शेकडो गावांतील हौशी कलावंतांना रंगमंच दिला. वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजनाही त्याच दशकातली आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि श्रेणींचा भेद काढून सर्वांना दरमहा ५००० रुपये देण्याचा निर्णय झाला. आयुष्यभर रात्री जागवलेल्या दशावतारी नटाला उतारवयात ना निवृत्तिवेतन असते ना भविष्यनिर्वाह निधी. त्याच्यासाठी ही रक्कम लहान असली तरी आधाराची आहे.

गावव्यवस्थेची मर्यादा करोनाच्या काळात उघडी पडली. मार्च २०२० मध्ये देवळे बंद झाली. नोव्हेंबरमध्ये दरवाजे उघडले तरी जत्रांवर निर्बंध राहिले. २०२१ मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली. जत्रा नाही म्हणजे बिदागी नाही, तबक नाही, नवस नाही. अनेक हातांनी येणारा मोबदला एकाच वेळी थांबला. राज्य सरकारने २०२१ च्या अखेरीस जाहीर केलेल्या मदतीत एकल कलावंतांना प्रत्येकी ५००० रुपये देण्याचे ठरले आणि साहाय्य मिळणाऱ्या संस्थांच्या यादीत तमाशा फड, खडीगंमत, झाडीपट्टी यांच्याबरोबर दशावतारी मंडळांचाही समावेश झाला. सगळा समाजच अडचणीत येतो तेव्हा त्याच्या वर्गणीवर चालणारी कलाही अडचणीत येते आणि अशा वेळी सार्वजनिक तिजोरीखेरीज दुसरा आधार उरत नाही.

मात्र सरकारी पैशाला त्याची स्वतःची शिस्त असते. महोत्सवात वेळ ठरलेली असते, प्रमुख पाहुणे असतात, रात्रभराचा खेळ दोन-अडीच तासांत बसवावा लागतो. आडदशावतार म्हणून ओळखला जाणारा सुरुवातीचा विधीचा भाग मग आटोपता घेतला जातो आणि झगमगाट, ‘ट्रिकसीन’ आणि युद्धनृत्य यांचे प्रमाण वाढते. प्रेक्षक बसून पाहतो आणि निघून जातो. दिवटी धरणारा, जेवण रांधणारा, तबकात नाणे टाकणारा असा जो गावकरी कलेचा भागीदार होता, तो येथे केवळ आसनक्रमांक होऊन राहतो.

जोडीने उचललेला भार

हा पेच केवळ कोकणाचा नाही. ब्रिटनमध्ये अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या पुढाकारातून १९४६ मध्ये कला परिषद स्थापन झाली तेव्हा पैसा सरकारचा असला तरी तो कुणाला द्यायचा हे मंत्र्याने नव्हे तर स्वायत्त मंडळाने ठरवावे, हे तत्त्व मान्य झाले. अमेरिकेत १९६५ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय कला निधी सर्वसाधारणपणे एखाद्या उपक्रमाच्या निम्म्याहून अधिक खर्च देत नाही. उरलेला पैसा संस्थेने समाजातून उभा करायचा असतो. शेजारच्या कर्नाटकात किनारपट्टीवरील धर्मस्थळ, कटील यांसारख्या देवस्थानांची स्वतःची यक्षगान मंडळे आहेत आणि भाविक नवस म्हणून खेळ लावतात. कटीलच्या खेळासाठी भाविकांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. मागणी समाजाकडून आली की कला आपल्या पायावर उभी राहते, हे या उदाहरणांतून दिसते.

दशावताराला लावायचा निकष यातून स्पष्ट होतो. जे काम गाव करत आले आहे, ते सरकारने आपल्याकडे घेऊ नये. कोणते मंडळ बोलवायचे, कोणते आख्यान लावायचे, हा अधिकार मंडपात बसणाऱ्यांचाच राहावा. जे काम गावाला पेलत नाही, तेथे मात्र सार्वजनिक पैसा हवा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जत्रा नसतात, तेव्हा नट शेतीवर वा मजुरीवर गुजराण करतो. रात्रीचा खेळ आटोपून पहाटेचा प्रवास, अपुरी झोप, रंगभूषेचा त्वचेवर होणारा परिणाम यांतून येणारी आजारपणे त्याची एकट्याची असतात. विमा, उपचार, नव्या मुलांचे प्रशिक्षण, जुन्या नटांच्या आख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण ही कामे वर्गणीतून होणारी नव्हेत. संहिता नसलेल्या कलेत जाणारा प्रत्येक बुजुर्ग नट आपले नाटक बरोबर घेऊन जातो, हे ध्यानात घेतले तर शेवटच्या कामाची निकड कळते.

शहरांनाही यातून घेण्यासारखे आहे. १९८० मध्ये आलेल्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी मुलखातील नाटकवेडावर हजारो प्रयोग केले, तर सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ चित्रपटाने दिलीप प्रभावळकर यांच्या भूमिकेतून दशावतारी कलावंताचे आयुष्य पुन्हा शहरी प्रेक्षकांसमोर आणले. कौतुक झाले, तिकिटे खपली. परंतु तिकीट फाडले की शहरी रसिकाची जबाबदारी संपते. आपल्या वस्तीतील नाट्यगृहाचे छत गळते तेव्हा तो महापालिकेला दोष देतो आणि बहुधा तो दोष रास्तही असतो. तरीही ते नाट्यगृह आपले आहे, ही भावना मात्र त्याच्या मनात क्वचितच असते.

पूर्वी दशावताराचा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी गावोगाव चालत जात. आता तो गाडीतून जातो. देवाचा मानून त्याची पूजा मात्र आजही होते आणि तो गावात आला की त्याची सोय करणे हे गाव आपले काम समजते. सरकारने त्या वाटेवरचे खड्डे बुजवावेत. पेटारा उचलायला गावाचे हात असलेच पाहिजेत.