मूकसंमती : एका शब्दाचा अर्थ

वस्तीवर बहिष्कार पडतो तेव्हा तो घालणारे गावात मोजकेच असतात. बाकीचे गाव काय करत असते? विचारले तर उत्तर ठरलेले : ‘आम्ही कशात नव्हतो.’ या ‘कशात नव्हतो’चा अर्थ तपासायला हवा.

कानाडोळा, डोळेझाक, संगनमत हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ते एका मापाचे नाहीत. संगनमतात दोघांनी आधी बसून ठरवलेले असते. डोळेझाकीत काहीच ठरत नाही. करणाऱ्याला एवढेच ठाऊक असते, की पाहणारा आडवा येणार नाही. हे ठाऊक असणे हेच त्याचे बळ. तोंडाने मौन, प्रसंगी निषेधही, आणि आतून होकार. मूकसंमती ती ही.

महाडचे पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, तळे होते तसेच बंद राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या माणसांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्याच दिवशी आपल्या लोकांना मारहाण झाली, आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. ठराव तीन वर्षे दप्तरात सुखाने नांदला, कारण तो अमलात येणार नाही हे सर्वांना ठाऊक होते.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. कर्तव्य असताना जाणूनबुजून हात बांधून बसणे हे गुन्ह्याला साहाय्य ठरू शकते, ही तरतूद १८६० च्या दंडसंहितेत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९७६ च्या दुरुस्तीने आणखी पुढे गेला. अस्पृश्यतेच्या गुन्ह्याचा तपास बुद्धिपुरस्सर टाळणारा लोकसेवक त्या गुन्ह्याला अपप्रेरणा देणारा मानला जातो. गुन्हेगाराला आसरा देणाऱ्या, पुरावा दडपणाऱ्या रहिवाशांवर शासन सामुदायिक दंड बसवू शकते. किती कार्यकर्त्यांनी ही कलमे उघडून पाहिली आहेत? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्या, दलित-आदिवासी नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. मात्र आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस हवी. म्हणजे साहेबाचा कानाडोळा साहेबानेच मोजायचा!

आपल्यातले काहीजण साक्षीला न येणाऱ्या शेतमजुरालाही फितूर म्हणतात. मला हे पटत नाही. त्याची चूल बागाईतदाराच्या मजुरीवर पेटते. त्याच्या मौनात होकार नाही, धास्ती आहे. ज्याला माहीत होते, ज्याच्या हाती अडवण्याचे बळ होते आणि गप्प राहून ज्याचे काही बिघडले नाही, त्याचे मौन वेगळे. आमची शिकली-सवरली नोकरदार मंडळीही यातून सुटत नाहीत. शिष्यवृत्तीचे अर्ज कुणाच्या टेबलावर अडतात हे स्टाफरूममध्ये सर्वांना ठाऊक असते, आणि चहा होतो.

गावात चौकशीला जाणाऱ्यांनी मारणाऱ्यांची नावे टिपून झाल्यावर वहीचे पान उलटावे आणि लिहावे : त्या दिवशी सरपंच कुठे होते, ठाण्यावर निरोप किती वाजता पोचला, फौजदार किती वाजता आले.