रुळांची रुंदी आणि पेटीवरचा आकडा

तांबरम स्थानकाच्या पादचारी पुलावरून खाली पाहिले, की आज सारे रूळ एकाच मापाचे, म्हणजे १.६७६ मीटर रुंदीचे दिसतात. परंतु १९३१ साली मद्रास बीचपासून येथवर विजेची गाडी सुरू झाली ती मीटर गेजवर, आणि त्या अरुंद मार्गावरची लोकल २००४ साली कायमची बंद होईपर्यंत या उपनगरातील दोन-तीन पिढ्यांनी कचेरीच्या वेळा तिच्याच भरवशावर पाळल्या. योगायोग असा, की ज्या वर्षी येथील मीटर गेज इतिहासजमा झाले त्याच वर्षी संगणकाच्या मदरबोर्डावरील एजीपी हा स्लॉटही मागे सरू लागला आणि त्याची जागा पीसीआय एक्स्प्रेसने घेतली. त्या एजीपी अमदानीतील तीन ग्राफिक्स कार्डे माझ्या कपाटात आहेत. रविवारी दुपारी उकाड्याने वाचन अशक्य झाले म्हणजे ती बाहेर काढून एका जुन्या यंत्रात आळीपाळीने बसवून पाहण्याचा छंद मला जडला आहे, आणि त्यातून जे ज्ञान पदरी पडले तेही रुंदीविषयीचेच आहे.

पहिले कार्ड जीफोर्स ४ टीआय ४२००, सन २००२ चे. रिची स्ट्रीटवरील जुन्या मालाच्या एका दुकानात या कार्डाचे दोन नमुने शेजारी शेजारी होते, एक ६४ एमबी मेमरीचा व दुसरा १२८ एमबीचा. "सार, हे डबल आहे," एवढेच विक्रेता बोलला आणि मी अधिक पैसे मोजून दुसरा उचलला. घरी आल्यावर तपशिलाची रुजुवात घेतली तेव्हा कळले, की ६४ एमबीच्या कार्डातील मेमरी सेकंदाला ५० कोटी वेळा माहिती देते-घेते, तर माझ्या १२८ एमबीच्या कार्डातील ४४.४ कोटी वेळाच. विक्रेत्याने मला फसविले असे म्हणवत नाही. पेटीवर ठळक छापलेला आकडा त्याने प्रामाणिकपणे वाचला होता.

मेमरीचे आकारमान म्हणजे कोठाराची जागा. त्या कोठारातून माल किती वेगाने बाहेर पडतो, हा प्रश्न सर्वस्वी निराळा. १०२४ गुणिले ७६८ अशा पडद्यावर ७,८६,४३२ ठिपके असतात, आणि चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावयाचे तर ४ कोटी ७१ लाखांहून अधिक ठिपके दर सेकंदास रंगवावे लागतात. त्यातही पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकीत असल्यामुळे एकच ठिपका सरासरी तीनदा रंगविला जातो असे धरले, आणि दर खेपेस त्याची खोली वाचणे, नवी खोली लिहिणे व रंग लिहिणे यांसाठी प्रत्येकी ४ बाइट लागतात हे ध्यानी घेतले, तर एवढ्यानेच सेकंदाला सुमारे १.७ गिगाबाइटची ये-जा होते; भिंतीची वीट किंवा पात्राचे वस्त्र दाखविणारी टेक्श्चरे अद्याप हिशेबात धरलेलीच नाहीत. ही सारी रहदारी ज्या मार्गाने होते त्याला मेमरी बस म्हणतात. ती १२८ बिट रुंद असली तर एका खेपेस १६ बाइट जातात. ५० कोटी खेपांना ८ गिगाबाइट, ४४.४ कोटींना ७.१. न्यायाने सांगावयाचे तर, ज्या खेळाची टेक्श्चरे ६४ एमबीत मावत नाहीत तेथे माझे कार्ड सरस ठरते. एरवी ते किंचित मागेच राहते.

खरी मौज दुसऱ्या कार्डाची. जीफोर्स एफएक्स ५२०० हे २००३ चे. नावातला आकडा ४२०० पेक्षा मोठा, मुख्य चिपची गती मात्र टीआय ४२०० इतकीच, २५० मेगाहर्ट्झ. डायरेक्टएक्स ९ चालते अशी शिफारस त्याच्या पेटीवर होती व ती खोटी नव्हती, परंतु चालणे आणि धावणे यांतील तारतम्य पेटी सांगत नसते. १२८ बिटांच्या नमुन्यात ६.४ गिगाबाइटची वाट मिळे. कित्येक उत्पादकांनी त्याच नावाखाली ६४ बिटांची, म्हणजे निम्म्या रुंदीची, कार्डे विकली. त्या काळच्या खेळांत हे नवे कार्ड जुन्या टीआय ४२०० पुढे हतप्रभ होई. २००४ साली आलेला हाफ-लाइफ २ तर एफएक्स मालिका ओळखून तिला आपणहून डायरेक्टएक्स ८ च्या जुन्या वाटेने नेई.

तिसरे, जीफोर्स ४ एमएक्स ४४०, नावाने चौथ्या पिढीचे आणि कुळाने जीफोर्स २ चे. पृष्ठभागाची छटा कार्यक्रमाने ठरविणारे पिक्सेल शेडर त्यात नाहीतच, सबब प्रिन्स ऑफ पर्शियाचा २००३ मधील 'सँड्स ऑफ टाइम' हा खेळ ते चालवीतच नसे. उलट ऑगस्ट २००२ मधील रेडिऑन ९७०० प्रो पाहा: २५६ बिटांची बस, सेकंदाला १९.८ गिगाबाइट. ब्रॉड गेज म्हणावे ते हेच.

परीक्षेतील गुणांवर तरी विसंबावे, तर तेथेही मखलाशी आहे. मे २००३ मध्ये फ्यूचरमार्कने आपल्या ३डीमार्क ०३ या चाचणीत ड्रायव्हरना परीक्षा ओळखता येणार नाही अशी दुरुस्ती केली, तेव्हा एनव्हिडियाच्या एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. पुढच्याच महिन्यात उभयतांनी संयुक्त निवेदन काढून, ही फसवणूक नसून विशिष्ट कार्यक्रमापुरती केलेली सुधारणा होती, अशी शब्दयोजना केली. दफ्तरी भाषेचा इतका सुबक नमुना मी सरकारी खात्यातही पाहिला नाही.

मे महिन्यात येथे अग्निनक्षत्र तळपते, तेव्हा मी ही कार्डे चालवीत नाही. त्यांवरील कपॅसिटरांतील द्रव उष्णतेने आटतो, आणि तपमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. डोक्यावर फुगलेला कपॅसिटर दिसला, तर सौदा तेथेच मोडावा.

जुने कार्ड घेण्याचा मोह कोणास झालाच, तर एमबी विचारू नये, चिपा मोजाव्यात. त्या काळच्या स्वस्त कार्डांवर दोन कडांना पाय असलेल्या लांबट मेमरी चिपा बहुधा १६ बिटांच्या असत. चार भरल्या तर बस ६४ बिटांची, आठ भरल्या तर १२८ ची. मोजताना कार्ड उलटून मागची बाजूही पाहावी. उरलेल्या चार पुष्कळदा तिकडे असतात.