ब्रेनरवरचा पाऊण तास

सहलीच्या पत्रकात त्या दिवसासमोर एकच ओळ छापलेली होती: ‘न्याहारीनंतर व्हेरोनामार्गे इन्सब्रुककडे प्रस्थान.’ व्हेनिसजवळच्या मेस्त्रेहून ऑस्ट्रियातील इन्सब्रुक सुमारे ३९० किलोमीटर, म्हणजे जवळपास सांगलीहून मुंबई गाठण्याइतके. हळदीची अडत असलेल्या सांगलीच्या त्या कुटुंबाला हे अंतर नवे नव्हते. आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू अशी चार माणसे. आजींचे वय पंचाहत्तर आणि चौविहाराचा नियम चाळीस वर्षांचा. निघण्यापूर्वी त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला होता, “दिवस मावळायच्या आत जेवायला मिळेल ना?”

मिळणार होतेच. मे अखेरीस सांगलीत सातला सूर्य मावळतो. इन्सब्रुकला नऊच्या सुमारास. सात वाजताचे जेवण पत्रकात नोंदलेले होते. काळजीचे कारण दिसत नव्हते.

साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, सातला न्याहारी, आठला बस, असा हुकूम होता. बस साडेआठला हलली, कारण चाळीस माणसांत दोघांचे पासपोर्ट तिजोरीत राहून गेले होते. असे दोघे प्रत्येक सहलीत असतातच. व्हेरोनात पहिल्या शतकातले रोमन रंगमंडल बाहेरूनच पाहिले, ज्युलिएटच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सज्जाखाली फोटो निघाले आणि कांदा-बटाट्याविना बांधून आलेले जेवण बाकांवर बसून उरकले. दीड वाजता बस उत्तरेला वळली.

येथून पुढचा रस्ता डोळ्यांना सुख देणारा आहे. आडिजे नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळे, त्यानंतर बोल्त्सानोच्या आसपास सफरचंदाच्या बागा, कड्यांवर जुने किल्ले. गावांच्या पाट्या इटालियन आणि जर्मन अशा दोन भाषांत दिसू लागतात. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला, त्याची ती खूण. परंतु चौथ्या तासाला पाय सुजलेल्या माणसाला सफरचंदाची बाग आणि तुरीचे शेत सारखेच. पुढच्या बाकांवरच्या वडीलधाऱ्यांनी चपला काढल्या होत्या, मागे पत्ते थांबले होते. तत्पूर्वी त्रेन्तोजवळ चालकाने पंधरा मिनिटे थांबण्याचे सुचवले, तेव्हा बसभर एकच आवाज उठला होता, “नको, पुढे चला!” वेळ वाचवल्याचे समाधान सर्वांच्या चेहऱ्यावर होते.

ब्रेनर ही आल्प्सच्या मुख्य रांगेतील सर्वांत सखल घाटवाटांपैकी एक, उंची १,३७० मीटर. त्यामुळेच इटली आणि जर्मनी यांच्यामधला मालाचा प्रचंड ओघ या वाटेने जातो. त्यातच पेन्टेकॉस्टची सुट्टी. मालमोटारी, कॅराव्हॅन आणि छतावर सायकली बांधलेल्या गाड्या यांच्या रांगेत बस दीड तास रेंगाळली. सहाच्या ठोक्याला घाटमाथा आला आणि चालकाने बस विश्रांतीच्या तळावर घेऊन इंजिन बंद केले. इन्सब्रुक जेमतेम चाळीस किलोमीटर उरले होते.

“पंचेचाळीस मिनिटे,” टूर मॅनेजरने खालच्या आवाजात जाहीर केले.

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार साडेचार तास बस हाकल्यावर चालकाला पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाचे हाकणे नऊ तास. आठवड्यातून दोनदाच ते दहा करता येते. विश्रांती तुकड्यांनी घेण्याची मुभा आहे, आणि त्रेन्तोची नाकारलेली पंधरा मिनिटे हा असाच एक तुकडा होता. चाकांची प्रत्येक हालचाल टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात आणि चालकाच्या कार्डावर उतरते. रस्त्यात तपासणी झाली की मागच्या अनेक दिवसांची ही खतावणी अधिकाऱ्यासमोर उघडते. खाडाखोड नाही.

कुरकुर सुरू झाली. वाटन्स गावचे स्फटिकदालन तर आधीच हुकले होते, आता जेवणही थंड होणार. कापडाच्या एका व्यापाऱ्याने पन्नास युरोची नोट घडी करून पुढे केली. क्रोएशियाच्या त्या चालकाने हसून मान हलवली, यंत्राकडे बोट दाखवले आणि कॉफीचा पेला घेऊन तो बसच्या पायरीवर बसला. सांगलीच्या मुलाचाही तोल सुटत चालला होता. बस आठला पोहोचली, हॉटेलात खोल्या मिळायला अर्धा तास, तिथून उपाहारगृह आणखी लांब. आईचे जेवण आता बुडाल्यात जमा होते. तो चालकाकडे निघाला, तेव्हा आजींनी नातवाला विचारले, “तो का थांबलाय?” नातवाने समजावून सांगितले.

“कोणी बघत नसलं तरी?”

“यंत्र बघतं, आजी.”

“मग त्याचा नियम आहे. मोडायला कशाला लावताय?” एवढे बोलून त्यांनी पिशवी उघडली. खाकरे, लसणाविना केलेले भडंग, शेंगदाण्याचे लाडू, फडक्याने गाळलेल्या पाण्याची बाटली. तळावरच्या लाकडी बाकावर, समोर बर्फाची शिखरे ठेवून, घाई न करता त्या जेवल्या. एक लाडू त्यांनी चालकाकडे पाठवला. मग चूळ भरली, हात जोडले, णमोकार म्हटला. मुलगा बाजूला उभा होता. त्याने काही न बोलता त्यांच्या पिशवीची गाठ बांधली.

सातच्या आत बस पुन्हा निघाली. १९० मीटर उंचीच्या युरोपा पुलावरून जाताना सगळे खिडक्यांना चिकटले, आणि रांगेतून सरकत आठ वाजता इन्सब्रुक आले. सोनेरी मुलाम्याच्या २,६५७ ताम्रपत्र्यांचे ते प्रसिद्ध छत जुन्या गावात आहे, तिथे बसला प्रवेश नाही. ते उद्यावर गेले.

खोली ताब्यात आली तेव्हा साडेआठ झाले होते. सूर्य डोंगराआड गेला होता, पण नॉर्डकेटेची शिखरे अजून उजळलेली होती. नातवाने फोन पुढे केला. “आजी, अजून पंचवीस मिनिटं आहेत. गरम भात आहे खाली.”

“मी चूळ भरलीय रे,” आजी म्हणाल्या. “तू जा, जेवून ये. आणि जाताना पडदा ओढ, फार उजेड येतोय.”